नाव कुणाच्या कार्डावर? बायकांच्या आरोग्य विम्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही आरोग्य विम्याबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, पत्रं आली, मेसेज आले, काही व्हॉइस नोट पण आल्या. वाचता वाचता लक्षात आलं की जिला विमा नाही तिने स्वतः लिहिलेलं जवळपास काहीच नाही. मुलगी लिहिते, जिच्या घरी काम करते त्या मॅडम लिहितात, आशाताई लिहितात, एका ठिकाणी तर दुकानदाराने लिहिलंय. तर उत्तरं मी थेट तिलाच देतेय असं समजून वाचा, आणि वाचून दाखवायचं काम लिहिणाऱ्यांनी करा.

प्रश्न : ताई, मी पुण्यात चार घरी धुणंभांडी करते, वय ३८. नवऱ्यापासून पाच-सहा वर्षं वेगळी राहते, घटस्फोट वगैरे काही झाला नाही. अंगावरून खूप जातं, सोनोग्राफीत गाठी दिसल्या, डॉक्टर म्हणाले गर्भाची पिशवी काढून टाकू, साठ हजार होतील. माझं नाव सासरच्या रेशनकार्डावर आहे, ते कार्ड सासूकडे गावाला, ती देणार नाही. मला कुठली योजना बसते का? (पत्र शेजारच्या मुलीने लिहून दिलंय.)

उत्तर : बसते. आणि कार्ड सासूच्या ट्रंकेत असलं तरी बसते, हे आधी डोक्यातून पक्कं करा.

आपल्या राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, जुन्या लोकांना ती जीवनदायी म्हणून माहीत असेल, २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. १ जुलै २०२४ पासून ती पिवळं, केशरी, पांढरं सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू झाली आणि एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. पण "कुटुंब" म्हणजे त्या कार्डावरची सगळी माणसं मिळून, म्हणजे सासरच्या कुणाचं मोठं ऑपरेशन त्याच वर्षी झालं तर तेवढे पैसे तुमच्याही वाट्यातून गेले. अडचण अशी की सरकार बाईला मोजतं ते कुणाच्या तरी घरातली म्हणून, आणि ते घर तिने कधीच सोडलेलं असतं.

आत्ता काय करायचं ते सांगते. रेशनकार्ड ऑनलाइन झालंय म्हणजे त्याला १२ आकडी नंबर आहे. तो नंबर हातात असला की पुस्तकाची तेवढी गरज राहत नाही, तुमच्या आधारवरून तो शोधता येतो, "मेरा राशन" नावाचं ॲप आहे त्यावर त्या शेजारच्या मुलीला बघायला सांगा. नंबर मिळाला की आपले सरकार सेवा केंद्रात नाहीतर योजनेतल्या दवाखान्यात जाऊन आधारवर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करून आयुष्मान कार्ड, म्हणजे या योजनेचंच कार्ड, काढून घ्या. आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा आणि तो चालू हवा, नवऱ्याचा जुना नंबर जोडलेला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाईल, ते आधी बदला. दुसरी ठेच लागते ती नावाला. आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, किंवा उलटं, आणि मग खिडकीवरचा माणूस म्हणतो ही बाई वेगळी. लग्नाचा दाखला असेल तर आधारवरचं नाव दुरुस्त करून घ्या, नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, विचारून घ्या.

हे झाल्यावर सावकाशीने स्वतःचं वेगळं कार्ड काढा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे, त्यात सरळ लिहिलंय की रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कुटुंबप्रमुख. त्यामुळे तुमच्या खोलीत तुम्ही आणि मुलं राहता ना, तर प्रमुख तुम्हीच. परिमंडळ कार्यालयात "नवरा कुठंय" असं विचारतील, विचारू द्या, परित्यक्ता म्हणून अर्ज करता येतो. सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याशिवाय नवीन होत नाही आणि तिथेच बायका अडकतात कारण त्यासाठी पुन्हा त्याच घराच्या दारात जावं लागेल असं वाटतं, पण अर्ज तुमचा तुम्ही करू शकता. फक्त एक करा, ऑपरेशन आधी उरकून घ्या, मध्येच नाव इकडून निघालं आणि तिकडे चढलं नाही असं झालं तर ऐन वेळी कुठल्याच कार्डावर नसाल.

आता ऑपरेशनबद्दल, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे. ३८ वय म्हणजे पिशवी काढायची घाई करू नका, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. गाठी म्हटलं की पिशवी काढायचीच असं नसतं, गाठ केवढी, कुठं आहे, रक्त किती कमी झालंय यावर गोळ्या, इतर उपाय असतात. औंधच्या जिल्हा रुग्णालयात जा, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून ॲडमिट होण्याच्या खर्चापर्यंत सगळं मोफत केलेलं आहे. तिथेही काढायचीच म्हणाले तर काढा. खाजगीत योजनेतून करायचं असेल तर दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, त्याला भेटून तुमच्या आजाराचं हे ऑपरेशन इथे योजनेत होतं का ते विचारा, योजनेची मंजुरी आल्यावरच ऑपरेशन. आधी पैसे भरले आणि नंतर बिल दाखवून परत मागू, हे या योजनेत चालत नाही. कुणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ ला फोन करा.

आणि तुमच्या चार मॅडमपैकी कुणी हे वाचत असेल तर : ऑपरेशननंतर महिना-दीड महिना वजन उचलायचं नसतं. पगार कापू नका.

प्रश्न : माझ्याकडे आभा कार्ड आहे. म्हणजे मला ५ लाखाचा विमा आहे ना?

उत्तर : नाही हो. आभा म्हणजे तुमच्या तपासण्या, रिपोर्ट ऑनलाइन जमा ठेवायचा १४ आकडी नंबर, त्यात एक रुपयाचा विमा नाही. विमा आयुष्मान कार्डावर असतो. कॅम्प लावून आभा काढून देतात, फोटो काढतात, बाई घरी जाऊन सांगते विमा झाला. घरातली सगळी कार्डं आजच काढून त्यावर नक्की काय लिहिलंय ते वाचा.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, खाजगी नोकरी. स्वतःसाठी १ कोटीचा टर्म (आयुर्विमा) आणि १० लाखाचा मेडिक्लेम घेतलाय. बायको गृहिणी आहे, तब्येत ठणठणीत. एजंट म्हणतो फ्लोटर करा, म्हणजे दोघांची मिळून एकच पॉलिसी, पण कमावता मी एकटाच, तर तिच्यासाठी प्रीमियम भरण्यात अर्थ आहे का? प्रॅक्टिकल उत्तर द्या.

उत्तर : दादा, प्रॅक्टिकलच देते. टर्म हा कमावणाऱ्याच्या नावावर असतो, ते बरोबर, कारण तो कमाई बुडाली तर घर चालावं म्हणून असतो. मेडिक्लेमचा कमाईशी काय संबंध? तो दवाखान्याच्या बिलासाठी असतो आणि बिल छापणारं मशीन पेशंट गृहिणी आहे का मॅनेजर ते बघत नाही. उद्या तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं तर पैसे तुमच्याच एफडीतून जाणार ना? मग ती एफडी वाचवायला तरी तिचं नाव घाला, असं म्हटलं तर पटेल बहुतेक.

ठणठणीत आहे म्हणूनच आत्ता घ्यायचा. थायरॉइड, बीपी, गाठी, हे बायकांना चाळिशीच्या आसपास सुरू होतं, आणि एकदा फाइलवर आलं की तो आधीपासूनचा आजार ठरतो, मग वेटिंग पीरियड (तेवढा काळ त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत), जास्त प्रीमियम, नाहीतर सरळ नकार. आणखी एक, ठणठणीत आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? बहुतेक घरांत याचं उत्तर "डिलिव्हरीच्या वेळी" असं असतं.

प्रीमियमचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. त्या वाचलेल्या पैशांत तिच्या हप्त्याचा काही भाग तरी निघेल.

प्रश्न : मी २४ वर्षांची, नाशिकला जॉब करते, पहिल्या पगारातून आईचा मेडिक्लेम काढायचाय. आई ५८, डायबेटिसची गोळी चालू, शिवणकाम करते, कधीच कुठला विमा नव्हता. एक एजंट म्हणतो डायबेटिस लिहू नका. आमचं रेशनकार्ड पांढरं आहे म्हणून सरकारी योजना नाहीत. आजी पण आहे, ७४.

उत्तर : अगं, आधी त्या एजंटचा नंबर डिलीट कर. फॉर्मवर सही आईची असते, त्याची नसते, आणि क्लेमच्या वेळी कंपनी जुनी कागदपत्रं मागवते, त्यात डायबेटिसची गोळी दिसली की "माहिती लपवली" म्हणून क्लेम जातो, कधीकधी पॉलिसीच रद्द. खरं लिहिलंस तर काय होईल? आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागेल, २०२४ च्या आधी हे ४ वर्षांपर्यंत होतं. म्हणजे ६१ व्या वर्षी आईला डायबेटिसशी संबंधित आजारालाही कव्हर मिळेल, आणि मध्ये डेंग्यू झाला तर ते सुरुवातीच्या थोड्या दिवसांनंतर चालूच, अपघातात हात मोडला तर पहिल्या दिवसापासून. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की त्यानंतर कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय लपवालपवीच्या नावाखाली क्लेम नाकारता येत नाही, त्यामुळे खंड पडू देऊ नको. बायकांच्या पॉलिसीत खंड फार पडतो, एखाद्या वर्षी हाताशी पैसे कमी असले की पहिला हप्ता तिचाच चुकतो.

काय बघायचं : को-पे किती, म्हणजे बिलाचा किती टक्का आपण भरायचा. रूमच्या भाड्याला मर्यादा आहे का, कारण महागडी रूम घेतली की बाकीचं बिल पण त्या प्रमाणात कापतात. कंपन्या बऱ्याच असल्या तरी आरोग्य संजीवनी नावाची पॉलिसी सगळीकडे एकाच साच्याची असते, तुलना करायला ती बरी, तिच्यात को-पे ५ टक्के आहे. घेतल्यावर कागद हातात आला की वाच, ३० दिवसांत नको म्हणता येतं. कंपनीने नाकारलं तर दुसरीकडे अर्ज कर, नकार लेखी माग.

आणि पांढऱ्या कार्डाचं जे लिहिलंयस ते आता जुनं झालं. वर लिहिलंय तसं जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं, तर ते कपाटातून काढ, ऑनलाइन झालंय का बघ, आईची ई-केवायसी कर. मोठी खाजगी हॉस्पिटलं बरीचशी योजनेत नाहीत म्हणून मेडिक्लेमही काढ, पण मेडिक्लेममध्ये डायबेटिससाठी जी ३ वर्षं थांबायचंय त्यात योजनेचा आधार राहील, तिथे जुना आजार नवा आजार असा भेद नाही. आजीचं तर अजून सोपं, ७० च्या वरच्यांना उत्पन्न कितीही असो आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, आधारवरच्या वयावर. तिचं ५ लाखाचं कव्हर वेगळं, घरच्या कव्हरमधून जात नाही. आजीच्या आधारवर जन्मसाल बरोबर आहे ना तेवढं बघ, त्या पिढीतल्या बायकांची वयं कुणीतरी अंदाजाने सांगितलेली असतात.

प्रश्न : मिस्टर कारखान्यातून रिटायर होतायत, आजवर दोघांचं ईएसआयवर (कामगार विम्यावर) चालायचं. आता माझं काय? मला बीपी आणि सांधेदुखी आहे. – इचलकरंजी

उत्तर : ईएसआयमध्ये निवृत्तीनंतरची सोय आहे आणि ती फार कमी लोकांना सांगितली जाते. मिस्टरांनी किमान ५ वर्षं ईएसआयच्या नोकरीत काढली असतील आणि वयोमानाप्रमाणे निवृत्त होत असतील, तर वर्षाला १२० रुपये, हो एकशेवीसच, भरून दोघांना उपचार चालू राहतात. कारखान्यातून सुटतानाच ऑफिसात त्याचा अर्ज मागा, सेवेचा दाखला सांभाळून ठेवा. तो दाखला तुमच्याही हातात असू द्या, फक्त त्यांच्या फाइलीत नको. नंतर एकट्या राहिलेल्या बाईला खिडकीवर मागतात तो नेमका तोच कागद.

ज्यांच्या घरी कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे त्यांनी नोकरी सुटायच्या आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करावा, म्हणजे आधी काढलेली वर्षं वेटिंगमध्ये धरली जातात. सुटल्यावर महिन्याभराने आठवण झाली तर उपयोग नाही.

प्रश्न : मी आशा आहे, बीड जिल्हा. कार्ड काढायचं टार्गेट असतं, आम्ही काढतो पण. पण ताई, बायका कार्ड वापरतच नाहीत. ऊसतोडीला जातात, आजारपण अंगावर काढतात. मग वरचे म्हणतात तुम्ही जनजागृती नीट करत नाही. खरंच आमचं चुकतं का?

उत्तर : नाही चुकत. आणि हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी माझी इच्छाच होती.

आधी आकडा बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत विमा किंवा योजना असलेल्या ३० टक्के आणि पुरुषांत ३३ टक्के निघाले. आता कुणी म्हणेल तीनच टक्क्यांचा फरक, बायका काही फार मागे नाहीत. पण पाहणीत मोजलं जातं ते कार्ड. कार्ड घेऊन ॲडमिट कोण झालं, ते त्या आकड्यात नाही. जुनी केंद्राची योजना होती, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा, २००८ ची, ३० हजारांची, तिच्यात एका कार्डावर पाचच नावं बसायची. घरात सात माणसं असली की कुणाची दोन गळत असतील सांगायला नको. आयुष्मान भारतने २०१८ ला ती पाचाची अट काढली, हे खरंच चांगलं झालं. पण नाव चढलं तरी पुढचा रस्ता तसाच राहिला.

तुमच्या गावचीच बाई घ्या. दिवाळीच्या आसपास जोडीने निघाली, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस दवाखान्यात गेली की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात, आणि ती गेली तर नवऱ्याचंही काम अडतं कारण तो तोडतो आणि ही मोळ्या बांधते. तिला त्रास कसला? अंगावरून पांढरं जाणं, जास्त रक्त जाणं, कंबर, अशक्तपणा. ह्यातलं एकही ॲडमिट होण्यासारखं नाही. आणि योजना तर ॲडमिट झाल्यावरच चालू होते, ओपीडीच्या गोळीला, इंजेक्शनला, नुसत्या सोनोग्राफीला ती नाही. म्हणजे साधी गोळी खिशातून घ्यायची आणि पिशवी काढायला मात्र योजना. हे गणित उलटं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बीडचं पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला गाजलं, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ती बहुतेक ऑपरेशनं खाजगीत, कर्ज काढून, पुन्हा उचल घेऊन झालेली. तेव्हा नुसतं कार्ड वाटून हे सुटेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा फडावर जाऊन बघावं.

तुमच्या हातात काय आहे? निघायच्या आधी, सप्टेंबरातच, बायकांचं रक्त तपासून घेणं आणि गोळ्या बरोबर देणं. कार्ड फक्त आपल्या जिल्ह्यात चालतं असा गैरसमज आहे तो काढणं, सांगली-कोल्हापूरला गेल्या तरी तिथल्या योजनेतल्या दवाखान्यात चालतं, आयुष्मान कार्ड तर कर्नाटकातही चालतं. कार्डाचा फोटो नवऱ्याच्या नव्हे तर तिच्या मोबाइलमध्ये, मोबाइल नसेल तर कार्डाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या सामानात. पिशवी काढायला सांगितली तर आधी मला फोन कर, एवढं एक वाक्य तिला पाठ करून घ्या. आणि वरच्यांना लेखी द्या की कारखान्यावर आरोग्याची गाडी आल्याशिवाय हे होणार नाही. आशाच्या सांगण्याला किंमत नसते पण कागदाला थोडी असते.

बाय द वे, तुमचं स्वतःचं आयुष्मान कार्ड झालं का? २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस सगळ्यांना ते लागू केलंय. गावाची कार्डं काढता काढता स्वतःचं राहिलेल्या आशा मला माहीत आहेत.

प्रश्न : चौथा महिना चालू आहे, आत्ता पॉलिसी घेतली तर डिलिव्हरी कव्हर होईल का? नवरा रिक्षा चालवतो, खाजगीत सिझेरियनचे ७०-८० हजार सांगतात.

उत्तर : नाही होणार. मॅटर्निटीचा वेटिंग पीरियड कमीत कमी ९ महिने असतो, कित्येक पॉलिसीत दोन ते चार वर्षं. आत्ता त्यासाठी पैसे घालवू नकोस, एजंट हो म्हणाला तर लेखी दे म्हण, गप्प बसेल.

सरकारी दवाखान्यात नाव नोंदव. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात नॉर्मल असो की सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सगळं फुकट, तिथलं जेवण नॉर्मलला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस. न्यायला-आणायला १०२ ची गाडी. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचे उपचारही त्यात येतात. पहिलं बाळ असेल तर मातृवंदना योजनेचे ५ हजार हप्त्याने मिळतात, त्यासाठी खातं तुझ्या नावाचं लागतं, नवऱ्याचं किंवा जॉइंट चालत नाही, नसेल तर या आठवड्यात पोस्टात उघड. खाजगीतच जायचं असेल तर तुमच्या गावात धर्मादाय हॉस्पिटल आहे का बघ. त्यांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफतमध्ये, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलतीत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, कळा सुरू झाल्यावर नवऱ्याला त्याच्यामागे पळायला लावू नको.